धूर कुणाचा?

हिवाळा लागला की आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळात हवेचे आकडे सुरू होतात. पूर्वी साखरेचे आणि रक्तदाबाचे आकडे एकमेकांना सांगितले जायचे. आता मोबाइल काढून "आज एकशे चाळीस", "आमच्या हडपसरला एकशे सत्तर" असं चालतं. परवा कुणीतरी विचारलं, "पण हा आकडा नक्की कशाचा हो?" मंडळात इंजिनिअर आहेत, बँकवाले आहेत, पण सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मास्तरीणबाईंना सगळं ठाऊक असलंच पाहिजे, अशी आपल्याकडे समजूत आहे! मी आयुष्यभर इतिहास आणि मराठी शिकवलं. त्यामुळे कुठलीही गोष्ट समजून घ्यायची तर ती पहिल्यापासून बघायची, ही माझी खोड. गेले दोन महिने वाचत होते, मिळालं ते इथे लिहून ठेवते आहे. भाचे कंपनीतले विज्ञानवाले वाचतीलच, त्यांनी माफक हसावं.

आधी त्या आकड्याचं उत्तर देऊन टाकते. मोबाइलवरचा तो आकडा म्हणजे निर्देशांक, २०१५ साली देशभर सुरू झालेला. आठ प्रदूषकं मोजतात, प्रत्येकाचा वेगळा निर्देशांक काढतात आणि त्यातला जो सर्वात वाईट, तोच त्या दिवसाचा म्हणून जाहीर करतात. (वर्गातल्या सर्वात कच्च्या मुलाच्या गुणांवरून वर्गाची परीक्षा करावी तसं. पण इथे ते योग्यच आहे.) आपल्याकडे हा सर्वात वाईट बहुधा कण असतो, म्हणजे हवेत तरंगणारी बारीक धूळ, काजळी, धूर वगैरे. आणि कणांचं मोजतात काय, तर वजन. एका घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम, एवढंच. ते वजन मातीचं आहे, लाकडाच्या धुराचं आहे की डिझेलचं, हे तो आकडा सांगत नाही.

वजनाचा आणि धुळीच्या कणाचा संबंध आपल्याकडे फार जुना आहे. वाड्यातल्या माजघरात छपराच्या फटीतून कवडसा यायचा आणि त्यात धुळीचे कण नाचताना दिसायचे, ते माझ्या वयाच्या सगळ्यांना आठवत असेल. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सोन्या-चांदीची वजनं सांगितली आहेत, त्यांची सुरुवात याच कणापासून होते. जाळीतून येणार्‍या उन्हात जो बारीक रजःकण दिसतो तो त्रसरेणू, असे आठ मिळून एक लिक्षा (म्हणजे लीख, उवेचं अंडं!), तीन लिक्षा म्हणजे एक मोहरी, असं ते वर चढत जातं. त्या ग्रंथाबद्दल माझी मतं काय आहेत ते घरच्यांना माहीत आहे, पण डोळ्यांना दिसणार्‍या सर्वात लहान वस्तूपासून तराजू सुरू करायचा ही कल्पना मला फार आवडली. गंमत अशी, की आज ज्यांची भीती घालतात ते कण कवडशात एकेकटे दिसणार्‍यांपेक्षा कितीतरी लहान असतात. केसाची जाडी पन्नास ते सत्तर मायक्रॉन धरली तर हे अडीच मायक्रॉनच्या आतले, आणि मी पुढे ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ते तर एका मायक्रॉनच्याही आतले.

आता इतिहास. धूर मोजायची पहिली सरकारी पद्धत होती डोळ्यांनी बघण्याची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रिंगेलमन नावाच्या फ्रेंच प्राध्यापकानं एक तक्ता काढला. पांढर्‍या कागदावर काळ्या रेघांच्या जाळ्या, एकीपेक्षा दुसरी जास्त दाट. तो तक्ता लांब टांगायचा, धुराड्यातून येणारा धूर त्याच्याशी ताडून बघायचा आणि म्हणायचं, हा दोन नंबरचा काळा, हा चार नंबरचा. कोलकात्यात १९०५ साली आणि मुंबईत १९१२ साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदे झाले. त्या काळात सगळीकडे धुराचा दोष म्हणजे त्याचा काळेपणा. मुंबईच्या कायद्याची नजर होती गिरण्यांच्या आणि कारखान्यांच्या धुराड्यांवर. ते साहजिकही होतं, कारण धुराडं उंच असतं, लांबून दिसतं आणि त्याचा मालक कोण ते सगळ्यांना माहीत असतं. चाळीतल्या शेकडो चुलींचा धूर पांढुरका, तो कुणाच्या मोजमापात येणार?

१९५२ च्या डिसेंबरात लंडनमध्ये पाच दिवस काळं धुकं बसलं. सुरुवातीच्या हिशोबात चार हजार माणसं गेली असं म्हणत, नंतरच्या अभ्यासकांनी तो आकडा बारा हजारांच्या आसपास नेला. त्यानंतर हवा मोजण्याच्या कामाला जगभर जोर आला आणि डोळ्यांची जागा हळूहळू तराजूनं घेतली. आपल्याकडे हवेचा कायदा झाला १९८१ साली, आणि गावोगावच्या सरकारी इमारतींच्या गच्चीवर पत्र्याचं छोटं देवघर असावं तशी यंत्रं दिसू लागली. त्यांचं काम अगदी सोपं होतं. आत काचतंतूंचा पांढरा कागद, खाली हवा ओढणारी मोटर. कागद आधी वजन करून लावायचा, ठरलेले तास हवा ओढायची, कागद काढून पुन्हा वजन करायचं. फरक म्हणजे धूळ. पांढरा कागद मळकट तपकिरी होऊन बाहेर यायचा. हल्लीची यंत्रं कागदाच्या पट्टीतून बीटा किरण सोडून दर तासाला वजन काढतात, माणसाला गच्चीवर चढावं लागत नाही. पण काढतात वजनच.

हे वजन असतं तरी केवढं? आपल्या देशाची २००९ सालची मर्यादा आहे अडीच मायक्रॉनच्या आतल्या कणांसाठी दिवसाला सरासरी ६० मायक्रोग्रॅम. (जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची शिफारस १५ ची आहे.) माणूस दिवसाला साधारण दहा घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे ६० च्या हवेत दिवसाला ६०० मायक्रोग्रॅम, ०.६ मिलिग्रॅम. तांदळाचा एक दाणा वीसेक मिलिग्रॅमचा धरला, तर महिन्याभरात एका दाण्याएवढा ऐवज आपण नाकातून आत घेतो. हे गणित मी दोनदा करून पाहिलं, कारण एवढ्याशा वजनानं माणूस आजारी पडतो हे पटेना.

इथेच वजनाची पद्धत कुठे फसते ते लक्षात येतं. दहा मायक्रॉनचा एक मातीचा कण घ्या आणि ०.१ मायक्रॉनचे धुराचे कण घ्या. व्यासात फरक शंभरपट. पण वजन घनानं वाढतं, म्हणजे शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर. घनता सारखी धरली तर मातीचा तो एक कण धुराच्या दहा लाख कणांच्या भाराचा झाला! तराजूपुढे माती नेहमीच जिंकणार. पुण्याच्या हवेत कुणाचा किती वाटा, याचा मोठा अभ्यास वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेनं केला. केंद्रीय प्रदूषण मंडळानं तेव्हा सहा शहरांत असे अभ्यास करवले होते, त्यात पुणंही होतं आणि २०१० च्या सुमारास अहवाल आला. त्यात दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांत सर्वात मोठा वाटा निघाला तो रस्त्यावरून पुन्हा पुन्हा उडणार्‍या धुळीचा. पुण्याच्या रस्त्यांवरून जो गेला आहे त्याला यात नवल वाटणार नाही. पण "सर्वात जास्त वजन कुणाचं" आणि "सर्वात जास्त त्रास कुणाचा" हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे वर्तमानपत्रातल्या मथळ्यांत हरवून जातं.

धुळीची बाजू घेऊन एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुण्यातल्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेत (आयआयटीएम, पाषाण रस्त्यावरची) खेमाणी आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकात पावसाच्या पाण्याचं रसायन तपासत होते. पुण्याच्या पावसाच्या पाण्याच्या १९८४ ते २००२ अशा तब्बल एकोणीस वर्षांच्या नोंदींवर या संस्थेचा निबंध आहे. त्या काळात युरोप-अमेरिकेत आम्लवर्षेचा मोठा गवगवा होता, शालेय पुस्तकांतही तो धडा होता आणि आम्ही तो घोकून घेत असू. पुण्याचा पाऊस मात्र आम्लधर्मी निघत नव्हता, कारण आपल्या मातीच्या धुळीतला चुनखडीचा अंश त्या आम्लाला मारून टाकत होता. दरवर्षी पावसाळ्यात भांडी लावून पाणी जमवायचं, बाटल्या भरायच्या, तपासायच्या, एकोणीस वर्षं. असल्या कामाला बातमीत जागा मिळत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पुणं हे हवेच्या मोजणीचं गाव आहेच. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून शिवाजीनगरला आलं, म्हणून त्या मनोर्‍याच्या इमारतीला जुने लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात. बसचा थांबाही त्याच नावाचा. मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीला गेलं तरी उपकरणांचं काम इथे राहिलं. अ‍ॅना मणी १९४८ मध्ये इथे रुजू झाल्या आणि वार्‍यापासून ओझोनपर्यंत मोजणारी उपकरणं देशात बनवण्याच्या कामात त्यांनी हयात घालवली. आयआयटीएमची स्थापना १९६२ ची. पुढे याच संस्थेनं, गुफ्रान बेग यांच्या पुढाकारानं, 'सफर' नावाची प्रणाली २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीत आणि २०१३ मध्ये पुण्यात सुरू केली. चौकाचौकांत हवेचे आकडे दाखवणारे मोठे फलक लागले होते ते तेव्हाच.

पण वजनाच्या पुढचं पाऊल कसं पडलं ते सांगायचं तर पुणं सोडून थोडं लांब, लॉस एंजेलिसला जावं लागेल. तिथे १९४० च्या दशकात एक वेगळंच धुकं यायला लागलं. कोळशाचं नाही, भर उन्हात येणारं, डोळे चुरचुरवणारं. तिथल्या कॅलटेकमध्ये हागेन-श्मिट नावाचे डच रसायनज्ञ होते. ते अननसाच्या वासात कोणकोणती द्रव्यं असतात याचा अभ्यास करत होते! वास पकडायला त्यांच्याकडे हवा अतिशय थंड करून त्यातली द्रव्यं गोठवून काढायची सोय होती. त्यांनी अननस बाजूला ठेवला आणि त्याच नळ्यांतून शहराची हवा ओढली. हाताला लागले दुर्गंधी तपकिरी थेंब. ते थेंब सेंद्रिय द्रव्यांचे होते. मोटारींच्या धुरातले आणि पेट्रोलच्या वाफेतले पदार्थ उन्हात नायट्रोजनच्या वायूंबरोबर शिजतात आणि हा पदार्थ तयार होतो, असं त्यांनी दाखवून दिलं. म्हणजे जे कुठल्याच धुराड्यातून बाहेर पडलेलं नाही ते हवेतच तयार झालेलं! रिंगेलमनचा तक्ता याच्यापुढे काय करणार.

(सेंद्रिय म्हटलं की आपल्याला सेंद्रिय गूळ आणि सेंद्रिय भाजी आठवते, आणि काहीतरी पौष्टिक असेल असं वाटतं. रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे कार्बनच्या सांगाड्यावर उभी असलेली संयुगं. तेल, साखर, डिंक, लाकडाचा धूर, जळक्या प्लॅस्टिकचा वास, सगळी एकाच घराण्यातली.)

त्याच कॅलटेकमध्ये बरीच वर्षं काम केलेले फ्रिट्स वेंट हे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी १९६० साली लिहिलं, की डोंगरांवर लांबून जी निळसर झाक दिसते ती झाडांनी सोडलेल्या सुगंधी वाफांपासून हवेतच बनलेल्या अतिसूक्ष्म कणांची असावी. हे वाचलं आणि महाबळेश्वरहून दिसणार्‍या एकामागं एक निळ्या होत जाणार्‍या डोंगररांगा डोळ्यांपुढे आल्या. त्या निळाईचा सगळा जमाखर्च झाडांच्या नावावर टाकता येत नाही, पण थोडा तरी झाडांचा.

मग प्रश्न आला की हे कण कशाचे बनलेत ते ओळखायचं कसं? वजन करून नाही, आणि कागदावर गोळा करून प्रयोगशाळेत नेईपर्यंत तर त्यातले निम्मे पदार्थ उडून जातात किंवा बदलतात. तिथे एक जुनं यंत्र कामाला आलं. मुंबईत धुराचा कायदा झाला त्याच १९१२ च्या सुमारास केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन यांनी निऑन वायूचे विद्युतभारित कण चुंबकीय आणि विद्युत क्षेत्रातून सोडून पाहिले, तर एकाच निऑनचे दोन वेगळ्या वजनाचे डाग उमटले, २० आणि २२. त्यांचे सहकारी अ‍ॅस्टन यांनी पहिल्या महायुद्धानंतर त्याचं पक्कं यंत्र बनवलं आणि १९२२ साली नोबेल मिळवलं. हा मास स्पेक्ट्रोमीटर. मराठीत वस्तुमान वर्णपटमापक म्हणतात, पण मी मास स्पेक्ट्रोमीटरच म्हणणार. वजन करणाराच, पण रेणूंचं. हवेतले कण उडता उडता पकडून थेट त्यात घालता येतील असं यंत्र मात्र विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी जमलं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात मॅकमरी यांच्या गटानं कणांची धार करणारी नळी बनवली, तिचे निबंध १९९५ चे. आणि मॅसॅच्युसेट्समधल्या एरोडाइन या कंपनीतल्या जेन, वर्सनॉप वगैरे मंडळींनी २००० साली पूर्ण यंत्राची माहिती प्रसिद्ध केली.

ते चालतं कसं ते मला समजलं तसं सांगते. बाहेरची हवा सुईच्या टोकाएवढ्या, खरं तर त्याहूनही लहान, छिद्रातून आत ओढतात. पुढे एका नळीत एकापुढे एक भोकं असलेल्या चकत्या असतात. त्यातून जाताना वायू इकडेतिकडे पसरतो पण कण जडपणामुळे मधोमध येत जातात, आणि दुसर्‍या टोकाला दोर्‍यासारखी बारीक धार होऊन निर्वात पेटीत शिरतात. वायू पंपानं काढून टाकतात. कणांची धार साधारण सहाशे अंश तापलेल्या धातूवर आपटते, आणि तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तशी क्षणात वाफ होते. त्या वाफेवर इलेक्ट्रॉनचा मारा करतात. रेणू फुटतात, तुकड्यांना विद्युतभार येतो. मग सगळ्या तुकड्यांना एकाच वेळी सारखाच धक्का देऊन लांब नळीतून सोडतात. हलका तुकडा आधी पोचतो, जड मागून. शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या धावण्याच्या शर्यतीसारखंच, फक्त ही शर्यत सेकंदाच्या काही लाखांश भागात संपते आणि सेकंदाला हजारो वेळा होते. कोण किती वेळात पोचला यावरून त्याचं वजन कळतं. काही मिनिटांत हवेची पत्रिका तयार!

ही पत्रिका वाचायची पद्धत मला सर्वात मनोरंजक वाटली. रेणू फुटलेला असतो, त्यामुळे अख्खा रेणू ओळखता येत नाही. उत्खननात खापरं सापडतात आणि त्यावरून मडकं कुठल्या घडणीचं ते सांगायचं असतं, तसं हे काम आहे. काही खापरं मात्र हमखास ओळखीची. ५७ वजनाचा तुकडा ठळक असेल तर इंजिनाचं तेल आणि इंधन. ५५ हा ५७ पेक्षा वरचढ झाला तर तळणीचं तेल, म्हणजे स्वयंपाक. (युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या शहरांच्या हवेतही जेवणाच्या वेळी हा चढतो. फोडणीचा खकाणा आपल्याकडेच असतो असं नाही.) ६० म्हणजे लाकूड. लाकडातला सेल्युलोज जळताना एक खास साखर बनते, तिचा हा तुकडा. आणि ४४ म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा तुकडा. तो जास्त असेल तर तो कण जुना, उन्हातान्हात फिरून मुरलेला, ऑक्सिजन खाल्लेला. सल्फेट आणि नायट्रेट यांचे तुकडे वेगळे.

अर्थात प्रत्यक्षात हे सगळे एकदमच येतात. मग आठवडेच्या आठवडे मिनिटामिनिटाच्या पत्रिका घेऊन गणितानं त्यांची फोड करतात. कुठले तुकडे नेहमी जोडीनं वर जातात, कुठले जोडीनं खाली येतात, त्यावरून गट पाडायचे. ही रीत फिनलंडचे पाटेरो आणि टॅपर यांनी १९९४ साली मांडली. उत्तरं बरीच चांगली येतात, पण गट किती पाडायचे आणि त्यांना नाव काय द्यायचं हे शेवटी माणूस ठरवतो, हेही लक्षात ठेवावं. शिवाय या यंत्राला माती, मीठ आणि शुद्ध काजळी दिसतच नाही, कारण ती सहाशे अंशाला उडत नाहीत. तराजूला मातीच दिसायची, याला माती सोडून बाकीचं दिसतं.

जगभरच्या अशा मोजण्या एकत्र करून २००९ साली 'सायन्स'मध्ये एक मोठा निबंध आला. एका मायक्रॉनच्या आतल्या कणांच्या वजनात सेंद्रिय भाग जागेनुसार २० पासून ९० टक्क्यांपर्यंत, आणि शहरांपासून लांब गेलं की त्यातला बराचसा तो मुरलेला, हवेतच घडलेला.

आपल्या महाराष्ट्रात हे यंत्र लागलं ते कुठे, तर महाबळेश्वरला. आयआयटीएमनं २०१२ मध्ये तिथे, समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरवर, ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा सुरू केली. पावसाळ्यात ढग तिथे जमिनीवर उतरतात, विमानानं वर जायची गरज नाही! प्रत्येक ढगाच्या थेंबाच्या पोटात एक कण असतो, तेव्हा कण कशाचा हे कळल्याशिवाय ढग कळत नाही. या यंत्राचीच जरा आटोपशीर आवृत्ती तिथे लावून जी. पंडितुराई आणि त्यांच्या सहकार्‍यांनी ऋतुमानाप्रमाणे नोंदी घेतल्या, २०१८ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. सेंद्रिय पदार्थ आणि सल्फेट हे तिथले दोन मोठे वाटेकरी. हिवाळ्यात भार वाढतो, पावसाळ्यात धुऊन निघतो. आणि त्या स्वच्छ समजल्या जाणार्‍या हवेत जळलेल्या लाकूडफाट्याचा, पालापाचोळ्याचा भाग ओळखू येतो. सह्याद्रीत मार्च ते मे हे दिवस वणव्यांचे आणि भातासाठी राब भाजण्याचे. थंड हवा खायला गेलेल्या पुणेकरांच्या वाट्याला ती हवा अगदीच कोरी येत नाही.

शहराचं चित्र दिल्लीत जास्त तपशीलानं काढलं गेलं आहे. तिथे आयआयटी दिल्लीत २०१७ पासून अशा यंत्रानं दीर्घकाळ नोंदी झाल्या. हिवाळ्याच्या पहाटे तिथल्या कणांत क्लोराइडचा असा काही चढ दिसला, की तसा जगात क्वचितच कुठे दिसला असेल. आयआयटी मद्रासचे सचिन गुंठे आणि सहकार्‍यांनी २०२१ मध्ये दाखवलं, की हे क्लोराइड पाणी ओढून घेतं, कण फुगतात आणि धुकं दाट होतं. आणि त्याचं मूळ बहुधा प्लॅस्टिकमिश्रित कचरा जाळण्यात आणि काही उद्योगांत आहे. २०२३ मध्ये आयआयटी कानपूरच्या त्रिपाठी यांच्या गटानं आणखी एक सांगितलं. दिल्लीत रात्री ऊन नसतानाही इवलेसे कण भराभर वाढतात, आणि त्यांना खाऊ घालतात त्या लाकूड-कचरा जळताना निघणार्‍या सेंद्रिय वाफा. रात्री हवा जमिनीलगत बसलेली असते, धूर वर जायला वाट नसते.

आता हे सगळं वाचून माझ्या मनात काय आलं ते लिहिते. १९१२ साली दोष गिरणीच्या धुराड्याला देता येत होता. आता यंत्र मिनिटामिनिटाला नाव घेऊन सांगतं आणि नावं निघतात ती चुलीची, शेकोटीची, कचर्‍याच्या ढिगाची. मी लहान असताना सदाशिव पेठेत घरोघरी तांब्याचा बंब पेटायचा. वखारीतून ढलप्या आणायच्या, करवंट्या साठवायच्या, पहाटे अंगणात धूरच धूर. त्या वासाच्या आठवणीनं आम्ही म्हातारी माणसं हळवी होतो, पण ६० नंबरचा तुकडा तेव्हा पेठेच्या हवेत केवढा असेल! माझी आई चुलीपुढे बसून फुंकणीनं जाळ करायची आणि पन्नाशीतच तिला खोकला जडला तो गेला नाही. तेव्हा तो धूर कुणी मोजला नाही, कारण तो कुणाला त्रास देत नव्हता, फक्त तिला देत होता.

म्हणून मला वाटतं, की या यंत्राचं बोट ज्याच्याकडे वळेल त्याच्यावर लगेच पावती फाडायची घाई नको. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणार्‍याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळणार्‍याला पंचवीस हजार दंड ठरवला. कायदा ठीकच आहे. पण थंडीत रात्रभर फाटकाशी बसणारा रखवालदार पालापाचोळा आणि त्यातलं प्लॅस्टिक पेटवतो तो हौसेनं नाही. तो जाळतो तो कचरा आमच्या बंगल्यांतला, आणि राखतो ती मोटारही आमचीच. आम्हाला ५७ नंबरबद्दल पाच हजार कुणी मागत नाही.

दिल्लीत हिवाळ्यातल्या उपाययोजनांत गृहसंस्थांनी रखवालदारांना विजेचे हीटर द्यावेत अशी सूचना असते. ते वाचून मी आमच्या सोसायटीच्या सभेत विषय मांडला. रखवालदाराच्या केबिनमध्ये हीटर आला, फाटकापाशी शेकोटी या हिवाळ्यात पेटलेली नाही. हीटरचं वीजबिल देखभालीच्या खात्यात टाकायचं की सुरक्षेच्या, यावर मात्र दोन सभासदांमध्ये अजून पत्रव्यवहार चालू आहे.